अठरा व्होल्ट

भिंतींना कान असतात म्हणतात.
गेल्सनकिर्शनच्या त्या इमारतीत ते दिसायचे:
बाल्कनीगणिक एक डिश,
एकेक कान आपापल्या देशाकडे वळलेला.

मग घरमालकाचं पत्र आलं. सगळ्या उतरवा,
छपरावर एकच खांब लावून देतो.

मधल्या दोन महिन्यांत तळमजल्यावरच्या दुरमुशनं
दोन युरोचा स्प्लिटर आणला
आणि उरलेल्या एका डिशवर दोन घरं जोडली,
स्वतःचं आणि नेझाहातबाईंचं.
त्याच्या पोरानं मॅच लावली
की हिच्या मालिकेतली नवरी
अर्ध्या वाक्यात काळी पडायची.
तिनं भिंत वाजवली. मग दार.
मग मला फोन.

मी समजावलं: बाई, रिसीव्हर आधी वर विचारतो.
चौदा व्होल्ट पाठवले तर उभ्या लहरी हव्यात,
अठरा पाठवले तर आडव्या.
एकाच तारेवरून दोघांनी विचारलं
तर ज्याचे व्होल्ट जास्त, त्याचं आकाश.
ती म्हणाली, "हे मला नको शिकवूस,
सासूबरोबर एकोणीस वर्षं काढलीत."

नोव्हेंबरात खांब उभा केला.
एन्सार खालून शिडी धरून, वारा दोघांनाही धरून.
दोन डिश, तीन उपग्रह,
एकेका उपग्रहाचे चार तुकडे:
उभं, आडवं, खालचं, वरचं.
बारा केबली माळ्यावर उतरवल्या
आणि मल्टिस्विच ठोकला
खुराड्याच्या जुन्या फळीवर.

खुराडं कॉशबाईंच्या नवऱ्याचं.
खाण होती तेव्हा तो शर्यतीची कबुतरं पाळायचा.
किल्ली घेऊन त्या स्वतः वर आल्या,
चौऱ्याऐंशीव्या वर्षी, चार जिने.
म्हणाल्या, रविवारी इथंच बसायचो,
पासाउहून सोडलेली पाखरं कधी येतात बघत.
कॉफी रोज गार व्हायची.
"रोज नाही," मग स्वतःच म्हणाल्या, "रविवारी."
त्यांनी पेटीची आठ तोंडं बोटानं मोजली.
इतक्यांनी एकदम मागितलं तर
कुणाला काय द्यायचं, हे हिला कळतं कसं?
मी म्हणालो, ज्याची तार त्याचा प्रश्न,
त्याच तारेनं उत्तर. सरमिसळ नाही.
"म्हणजे ही आमच्या घरमालकापेक्षा बरी."

त्या हिवाळ्यात कुणी भिंत वाजवली नाही.

मार्चमध्ये पावलिकचा फोन:
वॉर्सा चौकोन चौकोन होऊन फुटतंय.
तो बेकरीत रात्रपाळीला, सकाळी बातम्या लावूनच झोपतो,
म्हणजे आता झोपतच नव्हता.
माळ्यावर गेलो, मीटर काढला,
एकेक तोंड तपासत गेलो.
एक, चौदा. दोन, शून्य. तीन, चौदा.
चौथं पावलिकचं, कनेक्टर सैल,
तांब्याच्या तारेवर हिरवा गंज.
तो कापून नवा बसवला.
पाचवं ठीक.
सहावं: अठरा व्होल्ट, वर बावीस किलोहर्ट्झचा सूर.

सहावं म्हणजे तिसरा मजला, डावीकडे.
कॉशबाईंना जानेवारीत पुरलं.
एन्सारनं आणि मी दोन युरो दिले होते फुलांना.

बंद दारामागे, पडदे ओढलेल्या खोलीत
रिसीव्हर कुणीच बंद केला नव्हता.
आडव्या लहरी, वरचा पट्टा, अजून मागत होता.
मीटर एवढंच सांगतो.
कुठला चॅनल, ते नाही सांगत.
त्या पावशेर आकाशात शंभरेक मावतात:
चर्च, स्वयंपाक, हवामान,
रात्रभर नुसती रेल्वे दाखवणारा एक.

घरमालकाच्या यादीत लिहिलं होतं, सहा नंबर काढा.
नुसतं काढून चालत नाही.
तोंड उघडं राहिलं तर लहर आपटून मागे फिरते
आणि नांदत्या घरांत खरखर करते.
पंचाहत्तर ओहमची टोपी लावायची असते,
नखाएवढी.
ती खिशात होती. हातात घेतली.

खालून एन्सार ओरडला, "झालं का?"
छपराच्या पत्र्यावर कसलीतरी पावलं वाजली,
बहुतेक कावळा.

मी हत्यारं गोळा केली.
वहीत लिहिलं:
चार, दुरुस्त.
सहा, चालू.